बारा विरुद्ध दोन : फरक खरा की योगायोगाचा?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. त्याच ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवले, उष्णता देऊन मारले आणि त्यांपासून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. हा भाग पाठ्यपुस्तकांत येतो, त्यामुळे तो आपल्याला माहीत असतो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरी गंमत तेथेच आहे.

जानेवारीच्या अखेरीस प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. ३० जानेवारीला हाफकिन यांनी तेथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचली. टोचलेले आणि न टोचलेले कैदी त्याच आवारात राहिले. ढोबळ आकडे घेतले तर सुमारे १५० कैद्यांना टोचले होते आणि सुमारे १७० जणांना टोचले नव्हते. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ जणांना झाला आणि दोघेही वाचले. (ज्यांच्यात टोचणीच्या दिवशीच रोग दिसला ते कैदी या हिशेबात धरलेले नाहीत.)

शेकड्यात सांगायचे तर एका बाजूला ७.१ आणि दुसऱ्या बाजूला १.३. लस चालते, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. पण वर्गातला एखादा चौकस मुलगा उठून विचारील, "सर, बारा आणि दोन म्हणजे काही फार मोठे आकडे नाहीत. लसीऐवजी नुसते पाणी टोचले असते तर असे झालेच नसते कशावरून?" या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे म्हणून माणसाला जवळजवळ दीडशे वर्षे खटपट करावी लागली, आणि ती खटपट भायखळ्याच्या तुरुंगाच्या शंभरेक वर्षे आधी पॅरिसमध्ये सुरू झाली होती.

मुलगा होणार की मुलगी, ही नाणेफेकीसारखी गोष्ट आहे असे अठराव्या शतकातल्या गणितज्ञांना वाटे, आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांमुळे त्यांना या नाणेफेकीचे प्रचंड आकडे फुकटात मिळत. लाप्लासने असे दोन शहरांचे आकडे शेजारी ठेवले. पॅरिसमध्ये १७४५ ते १७७० या काळात २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली नोंदल्या गेल्या होत्या. लंडनमध्ये १६६४ ते १७५७ या काळात ७,३७,६२९ मुलगे आणि ६,९८,९५८ मुली. म्हणजे दर हजार मुलींमागे पॅरिसमध्ये सुमारे १०४० मुलगे, तर लंडनमध्ये सुमारे १०५५. फरक इतका बारीक की दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. लाप्लासने तो सोडला नाही. १७८१ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने दाखवले की मुलगा होण्याची शक्यता लंडनमध्ये पॅरिसपेक्षा जास्त असावी यावर चार लाखांस एक अशी पैज लावता येईल!

इतक्या लहानशा फरकाबद्दल एवढी खात्री कोठून आली? दोन शहरे म्हणजे दोन वेगळ्या 'समष्टी'. समष्टी म्हणजे ज्या साऱ्या समूहाविषयी आपल्याला बोलायचे आहे तो. नोंदवहीतली मुले म्हणजे त्यांतून हाती आलेले दोन नमुने. प्रत्येक नमुन्यातले प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या आजूबाजूला थोडे हेलकावे खाणार, आणि म्हणून त्या दोन प्रमाणांतला फरकही हेलकावे खाणार. हे हेलकावे साधारण किती मोठे असतात ते आधीच काढता आले, तर समोर दिसणारा फरक त्यांच्यात मावतो की नाही हे सांगता येते. पुनःपुन्हा नमुने घेतले असते तर हा फरक कोणकोणत्या किमती किती वेळा घेता, याच्या चित्राला फरकाचे 'नमुना-वितरण' म्हणतात. त्या चित्राच्या पसाऱ्याचे माप म्हणजे 'मानक त्रुटी'. (काही पुस्तकांत 'प्रमाण त्रुटी' असा शब्द असतो. पण आपण येथे प्रमाणांबद्दलच बोलत असल्याने एकाच वाक्यात 'प्रमाण' दोन अर्थांनी येऊन घोटाळा होतो, म्हणून मी 'मानक' म्हणतो.) पॅरिस-लंडनच्या बाबतीत ही मानक त्रुटी हजारी ०.८ इतकी येते, आणि दिसलेला फरक हजार जन्मांमागे ३.७ मुलग्यांचा आहे. म्हणजे हेलकाव्याच्या मापाच्या साडेचारपट. लाप्लासची स्वतःची वाट थोडी निराळी होती. दिसलेल्या आकड्यांवरून खऱ्या प्रमाणांकडे तो उलट्या दिशेने गेला. मात्र एवढे मोठे नमुने असले की दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी पोचतात.

हे सारे वर्गात करून पाहता येते आणि त्याला खर्च शून्य आहे. चिंचोके फोडून त्यांच्या डाळी करा, खेळात दान टाकायला करतो तशा. चाळीस मुलांच्या वीस जोड्या पाडा. प्रत्येक मुलाने डाळ पंचवीस वेळा टाकायची आणि पांढरी बाजू किती वेळा वर आली ते लिहायचे. मग जोडीतल्या दोघांच्या आकड्यांची वजाबाकी करायची. सगळ्यांकडे तसेच चिंचोके असल्यामुळे 'खरा' फरक शून्य आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. तरीही वीसपैकी चारेक जोड्यांत पाच किंवा अधिकचा फरक दिसेल, आणि एखाद्या जोडीत तो सातच्याही वर जाईल. त्या जोडीतला एक मुलगा आपल्या हातात काही जादू आहे असे सांगू लागेल. सांगू द्यावे! तीनचार दिवस हा खेळ चालवून सर्व वजाबाक्या फळ्यावर रकान्यांत मांडल्या की मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारा ढीग दिसू लागतो. तेच फरकाचे नमुना-वितरण. चिंचोक्याची पांढरी बाजू अगदी निम्म्या वेळा पडत नसली तरी बिघडत नाही, ढिगाची रुंदी त्याने फारशी बदलत नाही.

या ढिगाविषयी एक गोष्ट मुलांना हमखास चकवते. फरक काढताना आपण प्रमाणांची वजाबाकी करतो, मग त्रुटींचीही वजाबाकी का नाही? कारण दोन नमुन्यांच्या चुका एकमेकींना ओळखत नाहीत. कधी त्या एकाच दिशेने जातात, कधी विरुद्ध दिशांनी. म्हणून त्या वजा होत नाहीत आणि सरळ बेरजेतही जमा होत नाहीत, त्यांचे वर्ग जमा होतात. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू म्हणजे दोन नमुन्यांच्या मानक त्रुटी, आणि कर्ण म्हणजे फरकाची मानक त्रुटी. पायथागोरसचा सिद्धांत येथे असा अनपेक्षितपणे भेटतो, हे मला आजही सुंदर वाटते.

आता भायखळ्याकडे जाऊ. समजा लस निव्वळ पाणी होती. मग टोचलेले आणि न टोचलेले हा भेद निरर्थक ठरतो, आणि सर्व ३२० कैद्यांत १४ रोगी, म्हणजे शेकडा ४.४, हाच रोगाच्या प्रमाणाचा आपला उत्तम अंदाज. प्रमाण गुणिले (१ वजा प्रमाण) भागिले नमुन्याची संख्या, आणि या साऱ्याचे वर्गमूळ, असे करून १५० जणांच्या गटाची मानक त्रुटी शेकडा १.७ येते आणि १७० जणांच्या गटाची १.६. काटकोन त्रिकोणाचा कर्ण २.३. प्रत्यक्ष फरक ५.७. म्हणजे कर्णाच्या अडीचपट. निव्वळ योगायोगाने, कोणत्याही एका बाजूला, इतका किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता साधारण ऐंशीत एक. चौकस मुलाला आता उत्तर देता येते : पाणी टोचले असते तरी असे होऊ शकले असते, पण ऐंशी तुरुंगांत असा प्रयोग केला तर एखाद्याच तुरुंगात.

हे गणित मी आज केले. हाफकिन यांच्या काळातल्या डॉक्टरांना ते करणे अशक्य नव्हते, कारण सूत्र तयार होऊन साठ वर्षे झाली होती. पॅरिसमध्ये ज्यूल गाव्हारे याने १८४० साली वैद्यकासाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले होते आणि दोन प्रमाणांतला फरक केवढा असला म्हणजे त्यावर विश्वास ठेवावा याची मर्यादा त्यात दिली होती. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला, गणितज्ञ प्वासाँचा विद्यार्थी आणि पुढे डॉक्टर झालेला. त्याने त्या काळचे नावाजलेले वैद्य लुई यांचे आकडे तपासले. विषमज्वराच्या १४० रोग्यांपैकी ५२ दगावले होते, म्हणजे शेकडा ३७. गाव्हारेने दाखवले की एवढ्याशा नमुन्यावरून खरे प्रमाण २६ ते ४९ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, तेव्हा अशा आकड्यांवरून एक उपचार दुसऱ्याहून सरस ठरवणे धाडसाचे आहे. डॉक्टर मंडळींनी त्याच्या पुस्तकाकडे बव्हंशी पाठ फिरवली. आपला समोरचा रोगी म्हणजे पिशवीतली गोटी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच चूक होते असे मला वाटत नाही, पण त्यामुळे पन्नास वर्षे वाया गेली हेही खरे.

पॅरिसच्या मुलांची गोष्ट मात्र अजून अर्धीच झाली आहे. फरक योगायोगाचा नाही हे लाप्लासने सिद्ध केले. मग तो कशाचा? हवामानाचा, अन्नाचा, की फ्रेंच आणि इंग्रज रक्ताचा? लाप्लासला पुढे जे उत्तर सापडले ते यांपैकी कशातच बसत नव्हते. पॅरिसमध्ये सोडून दिलेल्या अर्भकांसाठी एक अनाथालय होते आणि तेथल्या मुलांचे बाप्तिस्मेही शहराच्या नोंदीत येत. लाप्लासने त्यांचे आकडे वेगळे काढले : १७४५ ते १८०९ या काळात १,६३,४९९ मुलगे आणि १,५९,४०५ मुली, म्हणजे हजार मुलींमागे जेमतेम १०२६ मुलगे. आसपासच्या खेड्यांतून अर्भके या अनाथालयाकडे पाठवली जात, पण मुलगा असला तर आईबाप त्याला ठेवून घेण्याकडे जरा जास्त झुकत. मुली तेवढ्या जास्त पॅरिसच्या वहीत येऊन पडत. ही मुले वगळल्यावर पॅरिसचे प्रमाण २२ मुलग्यांमागे २१ मुली असे झाले, म्हणजे फ्रान्समध्ये इतरत्र आढळत होते तितकेच.

चार लाखांस एक ही पैज चुकीची नव्हती. नोंदवह्यांतला फरक खराच होता. पण तो पॅरिसच्या मातांच्या उदरात घडलेला नव्हता, तो वहीत कोणाचे नाव यायचे या निवडीत घडलेला होता. नमुना-वितरण 'योगायोग की नाही' एवढेच सांगते. योगायोग नसेल तर काय, याबद्दल ते गप्प असते. मुलगा ठेवून घेण्याची ही गोष्ट वाचताना आपल्याकडच्या वाचकाला आणखीही काही आठवेल, पण तो विषय वेगळा.

हीच शंका भायखळ्यालाही लागू पडते. टोचून घ्यायला जे कैदी तयार झाले ते कोण होते? अधिक धडधाकट, अधिक स्वच्छ राहणारे, की तुरुंगाच्या एका विशिष्ट भागातले? आणखी एक अडचण अशी की चिंचोक्याची एक फेक दुसरीवर परिणाम करत नाही, पण प्लेग करतो. एका कोठडीत मेलेल्या उंदरांवरच्या पिसवा तिथल्या तीनचार जणांना एकदमच गाठू शकतात. मग ते तीनचार रोगी म्हणजे खऱ्या अर्थाने एकच घटना ठरतात, आणि आपण काढलेली मानक त्रुटी प्रत्यक्षापेक्षा लहान निघते.

हाफकिन यांना पहिली शंका चांगली ठाऊक होती. तुलना एकाच घरातल्या, एकाच आवारातल्या माणसांची असावी असा त्यांचा आग्रह कलकत्त्यातल्या पटकीच्या लसीपासून होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी तो अधिक काटेकोरपणे अमलात आणला. गाव कुटुंबवार बोलावले आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांत न टोचलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ दगावली. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ दगावली. मृत्यूंचा फरक शेकडा ३६ चा, मानक त्रुटी ७ ची. पाचपटीहून जास्त. येथे योगायोगाला काही जागाच उरत नाही आणि घराघरांतल्या फरकालाही फारशी नाही. मात्र कुटुंबातली कोणती निम्मी माणसे टोचायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, ते माणसाच्या नजरेने ठरले होते. भायखळ्याच्या आकड्यांचा बोलबाला अधिक झाला, पण पुरावा म्हणून माझे मत उंधेऱ्याला आहे.

पुढचा अंक लंडनमध्ये घडला. आल्मरॉथ राइट यांची विषमज्वराची लस ब्रिटिश सैनिकांना दक्षिण आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात टोचली गेली होती. तिचे आकडे तपासण्याचे काम कार्ल पिअर्सन यांच्याकडे आले. १९०४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. तुकडी-तुकडीगणिक फायदा दिसतो, पण तो फारच कमीजास्त आहे, आणि जो सैनिक आपणहून टोचून घेतो तो एरवीही जपून वागणारा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सुचवले की लस घ्यायला तयार असलेल्या सैनिकांची यादी करावी आणि त्यांतल्या दर दुसऱ्यालाच टोचावे. राइट संतापले आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्या वर्षी दोघांची जुंपली. राइट यांची लस पुढे उपयुक्त ठरली. पण त्या वेळी हाती असलेल्या आकड्यांपुरते पाहिले तर पिअर्सन यांची शंका रास्त होती.

याच पिअर्सन यांनी १९०० साली 'काय-वर्ग' ही कसोटी शोधली होती. ग्रीक अक्षर 'काय', त्याचा वर्ग. तक्त्याच्या प्रत्येक घरात योगायोगाने किती माणसे यायला हवी होती आणि प्रत्यक्ष किती आली, यांतल्या तफावतींचे ते एकत्रित माप. दोन प्रमाणांची तुलना म्हणजे चार घरांचा तक्ता : टोचलेले आणि न टोचलेले, आजारी आणि निरोगी. तेव्हा तीच तुलना आता दोन रीतींनी करता येऊ लागली आणि उत्तर एकच यायला हवे होते.

ते आले नाही. १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी विषमज्वर आणि पटकीच्या लसींचे साठलेले आकडे तपासायला घेतले. ('मेजर' हे ग्रीनवुड यांचे पाळण्यातले नाव, लष्करी हुद्दा नव्हे.) तुलना न्याय्य ठरायला काय लागते हे त्यांनी स्पष्ट मांडले : दोन्ही गटांतली माणसे महत्त्वाच्या बाबतींत सारखी हवीत, रोगाशी त्यांची गाठ सारखीच पडायला हवी, आणि कोणाला टोचले व कोणाला रोग झाला या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून न राहता ठरवलेल्या हव्यात. हे लिहिताना त्यांच्या लक्षात आले की फरकाच्या मानक त्रुटीवरून एक शक्यता येते आणि काय-वर्गाच्या कोष्टकावरून दुसरीच, बरीच मोठी.

हा विरोध किती मोठा होता ते भायखळ्याच्याच आकड्यांवर पाहू. फरक मानक त्रुटीच्या अडीचपट होता. अशा चार घरांच्या तक्त्यात काय-वर्ग हा त्या पटीचा नेमका वर्ग असतो, म्हणजे सव्वासहा. पिअर्सन यांच्या रीतीने कोष्टकात पाहिले तर योगायोगाची शक्यता निघते दहात एक. आणि आपण वर काढली होती ऐंशीत एक. त्याच तुरुंगातले तेच कैदी! दहात एक म्हटले तर 'लसीबद्दल अजून काही सांगता येत नाही' असा शेरा मारावा लागेल. ऐंशीत एक म्हटले तर ती दुसऱ्या गावात न्यायला हरकत नाही. ग्रीनवुड आणि यूल यांनी विरोध नोंदवला, पण त्याचे मूळ त्यांच्या हाती लागले नाही.

ते लागले रोनाल्ड फिशर यांच्या हाती, १९२२ मध्ये. पिअर्सन म्हणत, तक्त्यात घरे चार आहेत आणि एकूण बेरीज ठरलेली आहे, म्हणून तीन घरे मोकळेपणाने बदलू शकतात. फिशर यांनी विचारले, खरेच तीन? भायखळ्याचा तक्ता फळ्यावर मांडा. एकूण ३२० माणसे, १५० टोचलेली, १७० न टोचलेली, १४ आजारी, ३०६ निरोगी. आता आतल्या एकाच घरात, टोचलेले आजारी, २ हा आकडा भरा. न टोचलेले आजारी १२ च यायला हवेत. टोचलेले निरोगी १४८ च, आणि उरलेले १५८ च. एक घर भरले की बाकीची तीन आपोआप भरली. योगायोगाचा अंदाज बांधण्यासाठी आपण कडेच्या बेरजा आकड्यांतूनच उचलल्या, त्याची किंमत म्हणून दोन मोकळीका खर्ची पडल्या आणि शिल्लक राहिली एकच. एका मोकळिकेच्या ओळीत पाहिले तर सव्वासहाला शक्यता येते ऐंशीत एक. दोन्ही रीती तंतोतंत जुळल्या. पाचवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि ते न कळल्यामुळे बावीस वर्षे कोष्टकाची चुकीची ओळ वाचली जात होती.

पिअर्सन यांना ते पटले नाही. त्यांनी आपल्या 'बायोमेट्रिका' नियतकालिकात फिशर यांना पवनचक्कीवर चालून जाणाऱ्या डॉन क्विक्झोटच्या पंक्तीत बसवले. यूल यांनी मात्र एक साधा मार्ग काढला होता, आणि शिक्षकांनी तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. सोळा सारखे कप्पे असलेले गोल फिरते ताट घेतले, त्यात घेवड्यासारख्या बिया टाकल्या आणि कोणत्या कप्प्यात किती पडल्या ते मोजून तक्ते केले. योगायोगाखेरीज येथे काहीच नव्हते. अशा शेकडो तक्त्यांच्या काय-वर्गांचा ढीग कसा दिसतो ते पाहिले, आणि तो फिशर यांच्या बाजूने पडला. पुढे पिअर्सन यांचे चिरंजीव ईगॉन यांनी दुसऱ्याच एका कामासाठी सुमारे बारा हजार चौघरी तक्ते प्रयोगाने तयार केले. १९२६ मध्ये फिशर यांनी तेच उचलले. वडिलांचे खरे असते तर त्या सर्व काय-वर्गांची सरासरी ३ यायला हवी होती, फिशर यांचे खरे असते तर १. ती जवळजवळ नेमकी १ आली. मुलाने जमवलेल्या आकड्यांनी वडिलांना हरवावे, हा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

गणिताचा भाग येथे मिटला. दर दुसऱ्याला टोचण्याची पिअर्सन यांची सूचना मात्र मोठ्या प्रमाणावर अमलात यायला १९५४ साल उजाडले. अमेरिकेत पोलिओवरच्या साल्क लसीच्या चाचणीत, पालकांनी संमती दिलेल्या मुलांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी सुई दिली गेली. कोणाला काय, हे पूर्णपणे योगायोगावर सोपवले होते आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही ते माहीत नव्हते. दोन्ही गट सुमारे दोन-दोन लाखांचे. लस मिळालेल्यांत लाखामागे २८ मुलांना पोलिओ झाला, न मिळालेल्यांत ७१ मुलांना. फरक मानक त्रुटीच्या सहापट. पण त्या तक्त्यात एक तिसरी ओळही होती. ज्यांच्या पालकांनी संमतीच दिली नाही अशी सुमारे साडेतीन लाख मुले. त्यांनाही लस मिळाली नव्हती, तरी त्यांच्यातले प्रमाण लाखामागे ४६ होते, ७१ नव्हे. लस न घेतलेल्या या दोन गटांतला फरकही योगायोगाच्या पलीकडचा आहे. संमती देणारे पालक अधिक सुस्थितीतले होते. स्वच्छ घरांतल्या मुलांची पोलिओच्या विषाणूशी गाठ उशिरा पडते, आईकडून मिळालेले संरक्षण तोवर संपलेले असते, आणि म्हणून तीच मुले अधिक धोक्यात होती. संमती दिलेल्यांना लस आणि न दिलेल्यांशी तुलना, असा सोपा मार्ग घेतला असता तर २८ विरुद्ध ४६ एवढेच दिसले असते, आणि लसीचा निम्म्याहून अधिक गुण झाकला गेला असता.

भायखळ्याच्या आकड्यांत अशी तिसरी ओळ नाही. टोचून घ्यायला तयार असलेले पण न टोचलेले कैदी तेथे वेगळे मोजलेले नाहीत.